अंगठ्याला साक्षीदार

किस्से काही शोधायला जावं लागत नाही. सरकारी ऑफिसात दोन तास बसा, कोंबडीच्या अंड्यासारखा रोज एक मिळतो! आधी प्रत्येक कागदाला लांब शहरात जावं लागायचं. आता इथे आखातात, आमच्या अल अमेरात गावात, घराजवळच ऑफिस झालंय. माझं राहण्याचं कार्ड महिनाअखेर संपत होतं. नवं झालं नाही तर मी एकटी रत्नागिरीला, नि मुलगा, सून, नात इथे. म्हणून सुनेबरोबर खेपा सुरू केल्या.

*

मला आकडे वाचता येत नाहीत. सून झेरॉक्सला गेलेली. टोकन हातात धरून मनाशी ठरवलं, त्या निळ्या टोपीवाल्याच्या मागे आपला नंबर. तो उठला, मी उठले. तो निघाला, मी निघाले. पार त्याच्या गाडीपर्यंत! काउंटरवरची सलमा उन्हात धावत आली. तिला हिंदी येतं. "आजी, किधर? उसका काम खलास!" तेव्हापासून ती माझा नंबर पुकारत नाही, हात धरून नेते.

*

तिथे कॉफी देतात, पाहुण्याला द्यावी तशी. एवढीशी पेली. नको म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून पीत गेले. रिकामी झाली की कॉफीवाला पुन्हा भरायचा. सातव्या पेलीला सलमाने दाखवलं, रिकामी पेली हलवली की 'पुरे' असं समजतात! "आधी का नाही सांगितलंस गो?"

"मला वाटलं, आजीला फार आवडली!"

*

माझ्या मुलाचा दोस्त सावंत, गाला नावाच्या कारखान्यांच्या भागात वेल्डर. फॉर्मसाठी सलमाने कबिल्याचं, म्हणजे इथल्या लोकांच्या टोळी-कुळाचं, नाव विचारलं. म्हणाला, "लिहा, सावंत."

"मोठा कबिला आहे?"

"मोठा? गणपतीला सगळे जमले की निम्मे अंगणात झोपतात!"

सलमा जरा सावरूनच बसली.

*

या पोरीची एक वही आहे. येईल त्याच्याकडून त्याच्या भाषेतला एक शब्द घेते. माझ्याकडून 'जेवलात?' घेतला. दुसऱ्या दिवशी चिपळूणच्या एका गड्याला विचारलं, "जेवलात?" तो खरं बोलला, "नाही." बाईने आपला डबा पुढे केला!

*

शेवटच्या खेपेला घोडं अडलं. अंगठा लावणाऱ्याला फॉर्म त्याच्या भाषेत समजला, याला साक्षीदार हवा, नि तो घरचा नको. सुनेने सगळं समजावलेलं, पण ती घरची, नि सलमाचं मराठी 'जेवलात?'पुरतंच. मुदतीचा शेवटचा दिवस, ऑफिस बंद व्हायला दहा मिनिटं. सुनेचे डोळे भरले.

तेवढ्यात रांगेतला एक म्हातारा उठला. इथल्याच सूर नावाच्या बंदरगावचा, जुना गलबतवाला. सलमाने सांगितलं, हे तरुणपणी रत्नागिरीच्या बंदरात माल उतरवायचे, तुमची भाषा येते म्हणतात.

मोठे साहेब म्हणाले, "बोलून दाखवा."

म्हाताऱ्याने घसा साफ केला, छातीवर हात ठेवला, आणि बंदरावरचे हमाल एकमेकांना देतात त्या चार सणसणीत शिव्या एका दमात दिल्या! उच्चार अगदी आपल्याकडचा. सून लालेलाल. मी पदर तोंडाला लावला.

साहेबांनी सलमाकरवी विचारलं, "आजी, काय म्हणाले?"

म्हटलं, "माझ्या आईबापापासून सगळ्यांची विचारपूस केली."

साहेब खूश झाले. "असंच बोलावं माणसाने," म्हणाले, नि शिक्का मारला.