घमेल्याखालची भाकर

माझ्या मोठ्या मामांइतका कुत्र्यांवर जीव टाकणारा आणि त्याच वेळी कुत्र्यांवर इतका अन्याय करणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नाही. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग मला येतो, पण तो नंतर येईल. भटक्या कुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदी व्हावी म्हणून मी गावोगाव पत्रकं वाटत फिरते. त्यामुळे साखरखेर्ड्याच्या बाजारापासून रोहिणखेडच्या मशिदीच्या पायऱ्यांपर्यंत कुत्र्यांशी वाईट वागणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत. पण ती माणसं दगड मारतात, काठी मारतात, फार तर गरम पाणी फेकतात. मामा मार्क द्यायचे.

मामा गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. सरकारी कागदावर या पदाला 'व्रणोपचारक' असं भारदस्त नाव आहे, पण गावातले लोक त्यांना 'ढोरायचे डॉक्टर' म्हणत आणि मामा ते कधी दुरुस्त करत नसत. त्यांच्या आयुष्यातली तेवढीच एक अप्रामाणिकता. सगळी नोकरी बैलांचे सोललेले खांदे आणि म्हशींची मोडलेली शिंगं बांधण्यात गेली, जीव मात्र कुत्र्यात. त्याला कारण एक फाटकं पान. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांच्या रद्दीत मामांना कुठल्याशा इंग्रजी मासिकाचं पान सापडलं. त्यावर कुत्र्यांच्या जाती हुशारीच्या क्रमानं मांडल्या होत्या, कोणती जात नवी आज्ञा किती वेळा सांगितल्यावर शिकते, अशा हिशोबानं. मामांनी ते शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं आणि घरच्या ओसरीत तसाच एक मोठा तक्ता लावला. पहिला नंबर बॉर्डर कोली या मेंढ्या राखणाऱ्या विलायती जातीचा. तो कुत्रा मामांनी जन्मात पाहिला नव्हता, म्हणून तक्त्यावर नोंद होती : 'पहिला (गैरहजर)'. दुसरा नंबर पूडलचा. कुरळे केस कातरून मिरवणारं ते कुत्रं दुसरं आलंय, हे मामांच्या मनाला फार लागलं होतं. पण त्यांनी क्रम बदलला नाही. "पेपर तपासनाऱ्यानं तोंड पाहू नाही," म्हणाले.

त्याखाली पंचक्रोशीतल्या एकूण एक कुत्र्याचं नाव आणि मार्क. परीक्षेचे पेपर तीन. पहिल्यात कुत्र्याच्या डोक्यावर टॉवेल टाकायचा आणि तो किती वेळात झटकतो ते पाहायचं. दुसऱ्यात 'बस' ही आज्ञा. तिसरा पेपर सगळ्यात मोठा, घमेल्याचा. अंगणात भाकरीचा तुकडा ठेवायचा, त्यावर घमेलं पालथं घालायचं, दहा पावलं मागं सरायचं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे आणि कुत्र्याकडे आळीपाळीनं टक लावून पाहत राहायचं. त्या वेळी अंगणात कोणी यायचं नाही. मामी चुकून पाण्याची बादली घेऊन आली तरी मामा हात वर करत, "परीक्षाकेंद्रात नातेवाईक नको!" मामी म्हणायची, "हाव, मीच सांगनार हावो त्याले, भाकर घमेल्याखाली हाय म्हनून," आणि बादली घेऊन परत जायची.

कोणाच्याही घरी गेले की मामांचं लक्ष आधी कुत्र्याकडे. माझ्या मावसबहिणीसाठी स्थळ पाहायला आम्ही चिखलीला गेलो होतो. मुलगा समोर बसलाय, त्याचे वडील शेतीचं सांगतायत, आणि मामा खिशातला रुमाल काढून त्यांच्या पॉमेरेनियनच्या डोक्यावर टाकतायत. ते कुत्रं रुमालासकट दिवाणाखाली गेलं. मामीनं कोपर मारलं, "अहो, पोराले काही इचारा ना!" मामा घड्याळावरून नजर न काढता म्हणाले, "थांब वं, त्याचाच अभ्यास चालू हाय." परतीच्या एसटीत त्यांनी निकाल सांगितला. "पोरगं बरं हाय. कुत्रं अकरावी नापास." लग्न झालं, संसार चांगला चाललाय. रुमाल मात्र अजून परत मिळालेला नाही.

पण त्यांना कुत्र्यांतलं कळत नव्हतं असं म्हणाल तर ते खोटं होईल. सुलतानपूरकडच्या एका बागायतदारानं हौसेनं हस्की आणलं होतं. बर्फात गाड्या ओढणारं ते जनावर बिचारं कूलरसमोर जीभ काढून पडलेलं असायचं आणि कोणाचं काही ऐकायचं नाही. मालक वैतागून म्हणाला, "मामा, येडं निंघालं हो हे." मामा भडकले. "येडा तू! हे थंडीतलं जनावर तू चैत्रात आनलं, वरून म्हनते ऐकत नाई. त्याले समदं समजते. अक्कल येगळी आन् आज्ञा येगळी. ऐकनारा हुशारच असते असं नाई, आन् न ऐकनारा मठ्ठ असते असंबी नाई." लॅब्राडोरबद्दल त्यांचं मत होतं की तो पोटानं शिकतो, भाकर दाखवली तर बाराखडीही म्हणून दाखवील. जर्मन शेफर्ड अर्ध्या शब्दात समजतो, पण मालक मूर्ख असला तर तो मूर्खपणाही तितक्याच लवकर शिकतो. आपल्याकडच्या कारवान जातीच्या शिकारी कुत्र्याला लांबचा ससा दिसतो, जवळचा मालक ऐकू येत नाही. पण या मातीतला म्हणून त्याला दोन मार्क ग्रेस. यातलं 'अक्कल येगळी, आज्ञा येगळी' हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण मामा स्वतः ते विसरले.

ते विसरले गावठी कुत्र्यांच्या बाबतीत. रिटायर होऊन मामा गावी, मामीजवळ, कायमचे राहायला आले आणि त्यांनी आमच्या चौकातल्या अकरा गावठी कुत्र्यांची परीक्षा घेतली. (गावाचं नाव सांगत नाही. लोणार तालुक्यात आहे आणि ग्रामपंचायत अजून तीच आहे.) अकराच्या अकरा कुत्री घमेल्यापाशी आली, लांबूनच वास घेतला आणि खाली बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग उठून निघून गेली. मामांनी लाल पेननं अकरा शून्यं लिहिली. सगळ्यात वरचं शून्य चिंधीचं. चिंधी म्हणजे एक कान फाटलेली तांबडी कुत्री. नाव मामीनं ठेवलेलं.

इथून माझा राग सुरू होतो. मी त्यांना माझं पत्रक नेऊन दिलं. त्यात ठळक अक्षरात होतं, 'प्रत्येक कुत्रा सारखाच हुशार असतो.' मामांनी लाल पेन काढून त्याखाली रेघ मारली. "खोटं काऊन लिहिलं वं पोरी?"

"खोटं नाही, मामा. समानता आहे."

"समानता भाकरीत ठेव, लसीच्या सुईत ठेव. अकलेत कशी ठेवशील? बीगल नाकानं जगते, कोली डोळ्यानं जगते. सारखं म्हनलं की पाहाची गरजच उरत नाई."

त्यांचं बरोबर होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला. "मग गावठ्यांना शून्य कसं? नीट पाहिलंत का तुम्ही?" मी विचारलं. मामांनी घड्याळ दाखवलं. "घड्याळ खोटं बोलत नाई."

हे भांडण घरातच राहिलं असतं, पण चिंधीला पिल्लं झाली आणि पिल्लांजवळून सायकल नेली म्हणून ती दूधवाल्याच्या पिंडरीला चावली. जखम खरी होती. पट्टी मामांनी बांधली, त्यामुळे ती बैलाला शोभेल एवढी मोठी झाली आणि गावभर दिसली. दोन दिवसांत उपसरपंच मामांच्या ओसरीत चहा पिऊन गेले आणि जाताना त्यांनी तक्त्याचा फोटो काढला. ग्रामसभेत ठराव येणार होता : अकरा कुत्री पिकअपमध्ये भरून दूर घाटात सोडून द्यायची. घाटात पाणी नाही, वस्ती नाही. सोडून देणं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं.

मी मामांकडे धावले. "ती शून्यं खोडा."

"मार्क खोडत नसतात."

"ती मरतील, मामा!"

मामांनी खाली मान घातली. "म्या मरायसाठी नाई देले ते मार्क," ते म्हणाले. पण पेन काही काढलं नाही. ग्रामसभेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

ग्रामसभा पंचायतीसमोरच्या कडुनिंबाखाली भरली. पिकअप बाजूलाच उभी होती. चिंधी नेहमीप्रमाणे पाराखाली, पिल्लं तिच्या पोटाशी. मी उभी राहिले आणि सांगितलं की कुत्र्यांना उचलून दुसरीकडे सोडणं बेकायदा आहे, लस द्या, नसबंदी करा आणि परत इथेच सोडा. उपसरपंच म्हणाले, "ताई, कायदा बुलढान्यात राह्यते, कुत्रं इथं चावते." लोक हसले. मग त्यांनी मोबाइल वर धरला. "आन् हे आमी नाई म्हनत. तुमच्याच मामानं शून्य देलं. जे शिकूच शकत नाई, ते ठेवून करता काय?"

मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणाले, "मग परीक्षा इथे घ्या. सगळ्यांसमोर."

खरं सांगते, चिंधी पास होईल असं मला वाटत नव्हतं. मला फक्त वेळ काढायचा होता. मामांनी मात्र घड्याळ सारखं केलं. कोणीतरी घमेलं आणलं. मामीनं घरून भाकर आणली. मामांनी तुकडा ठेवला, घमेलं पालथं घातलं आणि दहा पावलं मागं सरून टक लावून उभे राहिले. चिंधी उठली, तीन हातांवर येऊन बसली. भाकरीकडे पाहत नव्हती, मामांकडे पाहत होती. दोन मिनिटं गेली, चार गेली. उपसरपंचांनी पिकअपवाल्याला खूण केली.

"तुमी खा ना आधी," मागून मामी म्हणाली.

मामांनी सवयीनं हात वर केला, "परीक्षाकेंद्रात..."

"चुलीत गेलं तुमचं केंद्र!" मामी बायकांमधून उठून पुढं आली. "तुमी नोकरीच्या गावी होते तवा इथं कोनीतरी औषध घातलेल्या भाकरी टाकल्या. ठेवल्या, मागं सरला आन् पाहत उभा राह्यला, अस्साच. ज्यायनं खाल्लं ते मेले. ह्या अकरायनं नाई खाल्लं म्हनून जित्ते हायेत. मी रोज आधी एक घास मह्या तोंडात टाकतो, तवा हे खाते."

"मले काऊन नाई सांगतलं?" मामांचा आवाज पार खाली गेला होता.

"तुमी इचारलं कवा? अंगनातून हाकलतच होते."

भाकरी कोणी टाकल्या होत्या ते तिथे बसलेल्या बऱ्याच जणांना माहीत होतं आणि ते सगळे आपापल्या चपलांकडे पाहत होते. मामा हळूहळू पुढं आले. दहा पावलं. खाली बसले, घमेलं उचललं, कोरड्या भाकरीचा घास तोडून तोंडात टाकला, चावला, गिळला. उरलेली भाकर पुन्हा खाली ठेवून घमेलं झाकलं आणि या वेळी मागं सरले नाहीत, तिथेच मांडी घालून बसले. चिंधी उठली, नाकानं घमेल्याची कड उचलली, पंजा घातला आणि घमेलं पारापर्यंत घरंगळत गेलं. मामांनी घड्याळ पाहिलंच नव्हतं.

ते उभे राहिले तेव्हा गुडघ्याला माती होती. "पेपर माहा चुकला," ते सभेला म्हणाले. "म्या त्यायची अक्कल नाई तपासली. मीच त्या भाकर टाकनाऱ्यावानी उभा राह्यलो, आन् ते मले वळखून बसले. हे अकरा पास हायेत."

"आन् चावते त्याचं काय?" उपसरपंच म्हणाले.

"टोचा, नसबंदी करा. हे पोरगी दोन साल झाले कागद वाटून राह्यली. वाचला का कोनी?"

ठराव झाला नाही. त्याच पिकअपमधून कुत्री टप्प्याटप्प्यानं दवाखान्यात गेली आणि परत आली, पिल्लांनी दूध सोडल्यावर चिंधीही. प्रत्येक फेरीला मामा मागच्या बाजूला कुत्र्यांमध्ये बसून गेले. तक्त्यावरची शून्यं त्यांनी खोडली नाहीत, मार्क खोडत नसतात. त्याखाली एक ओळ घातली फक्त : 'परीक्षक : ०'. मीही पत्रक बदललं. 'सारखाच' हा शब्द काढला.

गेल्या वर्षी मामांची नजर फार कमी झाली तेव्हा त्यांचा मुलगा मामा-मामी दोघांनाही नाशिकला घेऊन गेला. चौथा मजला, सोसायटीत कुत्रं पाळायला बंदी. जाताना मामांनी मनगटावरचं घड्याळ माझ्या हातावर बांधलं. आता दिवेलागणीला मी भाकर घेऊन चौकात जाते आणि थोड्याच वेळात त्यांचा फोन येतो. "खाल्ली का वं चिंधीनं?"

"खाल्ली."

"किती टाइम लागला?"

रोजचं असं असतं : मी आधी कोरड्या भाकरीचा घास खाते. चिंधी माझ्याकडे पाहते, मग वळून मामांच्या बंद दाराकडे पाहते, बराच वेळ पाहते, आणि मग भाकरीला तोंड लावते. खोटं मला खपत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मामांना सांगताना दाराकडे पाहण्याचा वेळ मी त्यातून वजा करते.