रेणूकाकूंचा दुसरा खांब

राजीवकाकांना लोक मागून हट्टी म्हणतात, मी तोंडावर म्हणते. इथे परदेशात, अ‍ॅशबर्नमध्ये, आमच्या शेजारचं नवंकोरं टाउनहाउस विकून हे गृहस्थ तासाभराच्या ड्राइव्हवर एका जुनाट घरात राहायला गेले. कशासाठी, तर दारातल्या चार खांबांसाठी. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथल्या एका गिरणीवाल्याला ग्रीक देवळासारखं घर हवं होतं. ग्रीस काही त्याने पाहिला नसणार. पुस्तकातली चित्रं बघून लाकडाचे खांब करवले आणि संगमरवर वाटावेत म्हणून पांढरे रंगवले.

खरं तर खूळ त्यांच्या बायकोचं, रेणूकाकूंचं. ग्रीकांची देवळं मुळात रंगीत होती, असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं. दर पाडव्याला दुसऱ्या खांबाला गुढी बांधायच्या आणि खांबावर हळदीकुंकवाची बोटं ओढायच्या. "ग्रीकांना आवडलं असतं," म्हणायच्या. मे उजाडला की काका कुरकुरत त्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारायचे. त्या दोघांचं ते भांडण मला फार आवडायचं. काकू जाऊन आता तीन वर्षं झाली.

यंदा पाडव्याला महिना उरला असताना नेमका तोच खांब खाली दबला. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, काढून टाका, फायबरचा बसवू. काकांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. मला फोन केला, "सुलेखा, तो गेला तर गुढी कुठे बांधू गं?"

मी आसावरीला घेऊन गेले. इथेच जन्मलेली पोरगी, जुनं लाकूड रिपेअर करते. डॉक्टर झाली नाही म्हणून तिची आई अजून धुसफुसते. तिने छताला टेकू दिला आणि खांबाचा पाया उघडला.

"काका, हे आतून पोकळ असतात. खाली हवेसाठी होल्स ठेवतात, नाहीतर ओल आतच राहते. ही कोणी ब्लॉक केली?"

बोलता बोलता तिने एक बोळा ओढून काढला. निळ्या चौकड्यांची सुती साडी. काका पायरीवर बसले.

"मीच," ते म्हणाले. "गांधीलमाश्या यायच्या. हिची जुनी साडी फाडून कोंबली, वरून सील केलं. ही म्हणाली होती, कुणी उगाच भोकं ठेवत नाही, बुजवू नका. मी म्हटलं, इंजिनीअर तू की मी?"

एरवी मी सोडलं नसतं. त्या दिवशी त्या साडीची घडी घालून पायरीवर ठेवली.

आसावरीने खालचा दीड फूट कुजका भाग कापला, तिथे नवं लाकूड जोडलं, वरचा जुना खांब तसाच ठेवला. भोकं मोकळी केली. पाडव्याला काकांनी स्वतः गुढी बांधली, स्वतःच हळदीकुंकवाची बोटं ओढली. वाकडीतिकडी.

मे संपला. परवा गेले तर काका खुर्ची जरा लांब ओढून बसले होते, गांधीलमाश्या भोकांतून खुशाल ये-जा करत होत्या. खांबावर पिवळ्या-लाल रेघा तशाच.

"ब्रश आणून देऊ का?" मी विचारलं.

"राहू दे," म्हणाले. "ग्रीकांना आवडतं."