चारचौघांत सांगितलेलं दुखणं

चिखलीत गोजाबाईला तिच्या माघारी लोक तोंडाळ म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. नवरा सोनबा गेला तेव्हा ती ऐन पंचविशीत होती. दहावं-तेरावं उरकल्यावर तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला, तर ही खुरपं घेऊन रानात बसलेली. बांधावर उभ्या असलेल्या भावाला तिनं मान वर न करताच सांगितलं, "दादा, भाकरी खाऊन जा. मी काय येत न्हाई."

घरात सासरे आबाजी, धाकटा दीर रंगराव आणि त्याची बायको शालन. गोजाबाई आपल्या वाफ्यातली मेथी, चुका, शेपू काढी आणि पाटी डोक्यावर घेऊन चालत पिंपरीच्या बाजारात नेई. फाळणीनंतर तिथं सिंधी निर्वासितांचा कॅम्प वसला होता. तिथल्या बायका एकेक जुडी उलटीपालटी करून हुज्जत घालत, आणि गोजाबाईला ती हुज्जत भाकरीपेक्षा गोड लागे. नवरा नसलेल्या बाईनं परक्या वस्तीत जाऊन मोठ्यानं ओरडून भाजी विकावी, हे रंगरावाला मात्र काट्यासारखं सलत होतं. पण बोलायला निमित्त मिळत नव्हतं.

ते सत्तावन्न साली मिळालं. गहू कापताना विळा गोजाबाईच्या नडगीवर बसला. जखम चिघळली, पाय सुजला, ताप चढला. पिंपरीच्या दवाखान्यात पेनिसिलिनची इंजेक्शनं टोचली. हे औषध तेव्हा नवलाईचं होतं. त्याचा कारखानाच पिंपरीत उभा राहिला होता आणि माणसं त्याच्याबद्दल देवाच्या अंगाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलत. गोजाबाईचा पाय वाचला. होळीनंतर ती पुन्हा पाटी घेऊन चालू लागली.

आणि मग दुसरंच सुरू झालं. ज्या जागेचं नाव बाई दुसऱ्या बाईजवळही घेत नाही, तिथं आग आणि खाज. लघवीला बसलं की मीठ चोळल्यासारखं व्हायचं. अंगावरून जायचं ते नासलेल्या दुधासारखं, पांढरं, गुठळ्यागुठळ्यांचं. तिनं तुरटीच्या पाण्यानं धुतलं, कपड्याच्या साबणानं खसाखसा घासलं. आग वाढली. भाजी विकताना मध्येच तिचा आवाज तुटायचा आणि ती दात आवळून उभी राहायची.

इंद्रायणीवर धुणं धुताना शालननं तिचे कपडे पाहिले. शालन तेव्हा भरल्या दिवसांची होती. तिनं शेजारणीच्या कानात सांगितलं, शेजारणीनं आणखी कुणाच्या. चार दिवसांत गावभर झालं की गोजीला गरमी झालीय, परपुरुषाकडून लागणारा रोग तिनं कॅम्पातून आणलाय. घाटावर गोजाबाई आली की बाया आपापली बोचकी उचलून वरच्या अंगाला सरकू लागल्या.

एका सकाळी रंगरावानं ओसरीवरून सुनावलं, "वैनी, आजपासनं चुलीकडं यायचं न्हाई. तुमचं ताट-तांब्या येगळा."

"का?"

"का ते तुमाला ठावं."

"मला ठावं न्हाई. तुमाला ठावं असंल तर बोला."

 रंगराव म्हणाला, "असलं घान दुखनं घरात आनायचं आनि वर आमालाच इचारायचं! म्हायेरला जा निघून. आबांच्या पांढऱ्या केसांची तरी लाज ठेवा."

आबाजी कोपऱ्यात घोंगडीवर बसले होते. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली.

"भावजी," गोजाबाई म्हणाली, "मला दुखनं झालंय. दुखनं झालेलं मानूस दवाखान्यात जातं, म्हायेरला न्हाई."

बोलली खरी, आणि पिंपरीच्या वाटेला लागली. सोनबा गेल्यापासून तिनं कुणा पुरुषाकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. हे तिला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ ठाऊक होतं. पण आपलंच शरीर आपल्याविरुद्ध साक्ष देतंय की काय, ही भीती काही जाईना. अर्ध्या वाटेवर ती एका बाभळीखाली थांबली. घरी परतावं असं मनात आलं. मग रंगरावाचा चेहरा आठवला आणि तिनं पदर खोचून पाय उचलला.

बाजारामागं एक धर्मादाय दवाखाना होता. तिथं सुमनताई नावाच्या डॉक्टरीणबाई पुण्याहून आगगाडीनं येत. पडद्याआड तपासताना गोजाबाईनं डोळे घट्ट मिटून घेतले. सुमनताईंनी कापसाच्या बोळ्यानं थोडंसं पुसून काचेवर घेतलं, त्यावर कसलासा थेंब टाकला आणि दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिलं.

"मला बी दावा," गोजाबाई म्हणाली.

सुमनताईंनी चष्मा सारखा केला आणि खुर्ची सोडली. गोजाबाईनं एक डोळा मिटून यंत्राला दुसरा लावला. बारीक धागे, आणि धाग्यांना लगडलेले मणी.

"ही एक प्रकारची बुरशी," सुमनताई म्हणाल्या. "एरवीही थोडीफार आपल्या अंगात असतेच. दुसरे चांगले जंतू तिला वाढू देत नाहीत. तुम्हाला इंजेक्शनं दिली, त्यांनी पायातले वाईट जंतू मारले, पण त्यांच्याबरोबर हे राखणदारही गेले."

"म्हंजी रान मोकळं सापडलं आनि हरळी माजली."

"अगदी तसंच. लघवीत साखर असली तरी हे होतं, म्हणून तीही तपासली. ती ठीक आहे."

गोजाबाईनं मग तो प्रश्न विचारला. आवाज खाली न आणता विचारला, बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू गेला असेल तर जाऊ दे. "बाई, माझा नवरा कवाच गेला. मी कुनाच्या वाऱ्याला बी उभी न्हाई. गाव म्हनतंय ही गरमी हाय. खरं काय ते सांगा."

सुमनताईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "ही गरमी नाही. पुरुषाशिवायही हे होतं. लग्न न झालेल्या मुलींना होतं, म्हाताऱ्यांना होतं. गरोदर बायकांना तर फारच. तान्ह्या बाळाच्या तोंडात पांढरं येतं ना, तीही हीच."

"तान्ह्या बाळाच्या?"

"हो, हीच."

 गोजाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

सुमनताईंनी एका बाटलीतलं गर्द जांभळं औषध बोळ्यानं आतून-बाहेरून लावलं. काही दिवस रोज येऊन लावून जायला सांगितलं. तुरटी बंद, साबण बंद, साध्या पाण्यानं धुवायचं, जागा कोरडी ठेवायची, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच यायचं थांबायचं नाही. "लुगड्याला डाग पडतील. ते निघणार नाहीत," त्या म्हणाल्या.

"पडूद्यात."

"घरच्यांना दाखवायला चिठ्ठी देऊ का लिहून?"

"चिठ्ठी कशाला? मला तोंड हाय."

रोज पाटी विकून झाली की ती दवाखान्यात जाई. खाज आधी मंदावली, मग गेली. असल्या डागांचे कपडे बाया घरामागं परड्यात, कुणाला दिसणार नाहीत असे वाळत घालतात. गोजाबाईनं आपले जांभळ्या डागांचे कपडे पुढच्या अंगणात, भर रस्त्याच्या बाजूला दोरीवर टाकले. येणारे-जाणारे थबकून पाहत. ती दारात मेथी निवडत बसे आणि त्यांच्याकडे रोखून पाही, की तेच मान खाली घालून चालू लागत.

दरम्यान शालनला मुलगी झाली. बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा गोजाबाईला ओलांडू दिला नाही. पोर महिन्याची व्हायच्या आत दूध सोडून रडायला लागली. जिभेवर, गालाच्या आत पांढरे थर. दूध साचलंय समजून म्हाताऱ्या बायांनी फडक्यानं पुसलं, तर निघालं नाही, उलट रक्त आलं. रंगराव संतापून अंगणात आला आणि ओरडला, "हिचाच रोग! लेकराला लागला!"

आणि तो थेट मारुतीच्या पाराकडे गेला.

गावातली पाच-सात वडीलधारी माणसं पारावर जमली. रंगरावाचं म्हणणं एकच होतं: या बाईला गावाबाहेर काढा. बायकांनी पाराकडे यायची रीत नव्हती. लांब भिंतीच्या आडोशानं त्या उभ्या होत्या. गोजाबाई मात्र सरळ चालत पारासमोर आली.

उद्धवराव त्यांच्यात वयानं मोठे. ते म्हणाले, "गोजाबाई, बायामानसानं हितं यायची रीत न्हाई."

"माझं नाव हितं निघालं, मग मी घरी बसून काय करू?"

कुणी तिला बस म्हणालं नाही, जा असंही म्हणालं नाही. तेव्हा तीच बोलू लागली.

"मला अंगावर पांढरं जात व्हतं, खाज सुटली व्हती, म्हनून तुमी म्हनला गरमी. आता मीच सांगते, चारचौघांत सांगते. ती बुरशी हाय. पायाला इंजेक्शनं घेतली त्यानं वाढली. डॉक्टरनीनं यंत्रात बघितली, म्या बी बघितली. औषध लावलं, गेली." तिनं रंगरावाकडे बोट केलं. "ह्यांच्या लेकीच्या तोंडात जे आलंय ते तेच. मला तर त्या खोलीत पाऊल टाकू दिलं न्हाई. ती पोरगी अजून पाळन्यातनं खाली उतरली न्हाई. मग सांगा, भावजी, ती कुनाच्या दारात गेली व्हती? ती कुठल्या कॅम्पात भाजी इकायला गेली व्हती?"

उद्धवरावांनी रंगरावाकडे पाहिलं.

"माझ्या बोलन्यावर इस्वास नसंल तर चला पिंपरीला, आत्ता. डॉक्टरनीला तुमच्या कानांनी ऐका. का बायामानसाच्या दुखन्याचं नाव ऐकून पळून जानार?"

रंगरावानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी भिंतीजवळ हालचाल झाली. ओली बाळंतीण शालन, कानाला फडकं बांधलेली, पोरीला छातीशी धरून चालत आली. नवऱ्याकडे तिनं पाहिलंही नाही. गोजाबाईसमोर येऊन थांबली. 

"आक्का," ती म्हणाली, "मला बी हाय. पोर पोटात हुती तवापासनं. म्या कुनाला बोलले न्हाई."

हे तिनं हळू म्हटलं, पण पारावर ऐकू गेलं. रंगरावाचा चेहरा पिठासारखा झाला.

पारावरच्या वडीलधाऱ्यांत बसलेले आबाजी काठी टेकत उठले. "रंगा," ते म्हणाले, "गाडी जुप."

सुमनताईंनी पोरीच्या तोंडात तेच औषध अगदी पातळ करून लावलं, शालनच्या स्तनाग्रांनाही लावलं, आणि तिलाही तपासलं. जांभळ्या ओठांची ती पोर पुढच्या काही दिवसांत पुन्हा घटाघट दूध ओढू लागली. बाळंतपणात आईकडून बाळाला असं होऊ शकतं, दोघींवर एकदमच उपचार करावे लागतात, हे डॉक्टरीणबाईंनी रंगरावाला समोर बसवून सांगितलं. तो मान हलवत राहिला.

घरी आल्यावर त्यानं चुलीपाशी कुजबुजून म्हटलं, "वैनी, झालं ते झालं. आता या चुलीकडं."

"जिथं बोललात तिथं जाऊन माघारी घ्या," गोजाबाई म्हणाली. "पारावर."

ते त्याच्यानं झालं नाही. शालन रडली, आबाजींनी समजावलं, पण गोजाबाई बधली नाही. तिनं पडवीत आपली वेगळी चूल मांडली आणि जन्मभर ती तशीच ठेवली. शालनची पोर मात्र रांगायला लागल्यापासून त्याच चुलीपाशी जेवायची, आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही.

असलं दुखणं घेऊन बाया तिच्याकडे यायला लागल्या, आधी अंधारून आल्यावर, मग दिवसाउजेडी. आपल्या हातानं तिनं कुणालाही औषध दिलं नाही. एकदा तिला वाटलं होतं की सगळ्यांचं दुखणं एकच असणार, तर सुमनताईंनी एका बाईला तपासून अगदी निराळं औषध दिलं आणि गोजाबाईला खडसावलं, "दिसायला सारखं असलं तरी असायला सारखं नसतं. इथं घेऊन या." तेव्हापासून ती घेऊनच येई.

एकदा शेजारच्या तळवडे गावची एक तरुण सून आली. हनुवटीपर्यंत पदर ओढलेला. दाराशीच उभी राहून म्हणाली, "माझ्या भनीला तरास हाय."

"भन कुठं हाय?"

"घरी."

गोजाबाईनं तिला नीट न्याहाळलं. ती पाय जुळवून, अंग चोरून उभी होती. "भनीला बरं वाटायचं असंल तर तिनंच चालायला पायजे," गोजाबाई म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेतली. "आन् तो पदर वर घे. वाटेत खड्डे लई हायत."

पोरीनं क्षणभर इकडंतिकडं पाहिलं. मग पदर मागं सारला आणि दोघी पिंपरीच्या वाटेला लागल्या.