वेरोनिकेच्या गाण्याचा अर्थ

ईस्टर होऊन आठ दिवस झाले होते. बैलगाडीत माझी पत्र्याची ट्रंक होती, सुक्या बोंबलांची जुडी होती आणि मी होते. वडील बैलांच्या बरोबरीनं चालत होते. आमच्या डोंगरी गावापासून भाईंदर स्टेशनापर्यंत ते तसेच पायी आले. मिठागरांच्या बांधावर मिठाचे ढीग उन्हात इतके लखलखत होते की डोळ्यांना पाणी यायला तेवढं निमित्त पुरलं. आगगाडी आल्यावर वडील म्हणाले, "लय इचारतंस तू. आता तिकडं जाऊन सांगायला पण शिक."

मी मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये मास्तरीण व्हायचं शिकायला निघाले होते. आज मी नैरोबीत आहे आणि माझी नातवंडंसुद्धा मोठी झालीत. पण गावात मागं राहिलेल्या तुम्हां सगळ्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनाही एक गोष्ट ठाऊक नाही. मी गाव सोडलं त्याला कारण एक गाणं होतं.

तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. माझा थोरला भाऊ पास्कू मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून गेला होता आणि वर्षभर त्याचं पत्र नव्हतं. आई त्याचं नाव काढत नसे, पण जेवताना त्याची थाळी मांडायची आणि पुन्हा उचलून ठेवायची. पांगारा फुलला, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ लागला. देवळातल्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडात झाकल्या गेल्या. लहानपणापासून मला वाटायचं, आतमध्ये त्या काय करत असतील?

गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत आमच्याकडं एक मुलगी वेरोनिका व्हायची. क्रूस वाहणाऱ्या येशूचं तोंड जिनं पुसलं, ती बाई. काळा पोशाख घालून ती जागोजागी स्टुलावर चढायची, येशूचा चेहरा रंगवलेलं कापड हळूहळू उलगडायची आणि लॅटिनमध्ये गायची. आदल्या वर्षीच्या वेरोनिकेचं लग्न झालं, म्हणून गोव्याहून आलेल्या आमच्या गायनमास्तरांनी मला निवडलं. मी सोळा वर्षांची होते. रोज संध्याकाळी ते व्हायोलिनवर सूर धरायचे आणि मी शब्द घोकायचे.

सकाळी बोंबील वाळत घालतानाही माझं घोकणं चालूच असायचं. शेजारी बोंबील टांगायच्या बांबूंच्या वलांडीवर जानकी असायची. ती हिंदू कोळ्याची पोर, माझ्याच वयाची. एक दिवस तिनं हातातले बोंबील तसेच धरून विचारलं, "रोज गातंस, पन हाय काय त्येच्यात?"

मला ठाऊकच नव्हतं.

आईला विचारलं. ती म्हणाली, "देवाला कळते ना? मग झाला." मास्तरांना विचारलं. त्यांनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं, बराच वेळ तारा पुसल्या, आणि खाली बघत म्हणाले, "माझ्या गुरूंनी मला सूर दिला. अर्थ मी कधी मागितला नाही." त्यांना लाज वाटली हे पाहून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी रात्रंदिवस तो प्रश्न मला कुरतडत राहिला.

शेवटी फादरांकडं गेले. फादर म्हातारे, तापट. सगळी मुलं त्यांना टरकून असायची. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुणी शिकवलं हे विचारायला?"

"जानकीनं," मी म्हटलं.

ते हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग मला बसवून त्यांनी मराठीत एकेक शब्द उलगडून दाखवला. बोलणारं एक उद्ध्वस्त शहर आहे, पोरंबाळं गमावलेल्या बाईसारखं. ते रस्त्यानं जाणाऱ्यांना थांबवतंय आणि विचारतंय, माझ्यासारखं दुःख कुठं पाहिलंत का?

घरी येऊन मी कुणाला काही सांगितलं नाही. आईला तर नाहीच.

गुड फ्रायडेला दुःखाचा दिवस म्हणून देवळाची घंटा मुकी होती; लाकडी खटखट्याच्या आवाजावर मिरवणूक निघाली. पहिल्या दोन थांब्यांना मी नीट गायले. तिसऱ्या थांब्याला स्टुलावर चढले आणि समोर आई दिसली. डोक्यावर पदर, हातात विझलेली मेणबत्ती. मी कापड उलगडलं, पहिली ओळ गायले आणि पुढं आवाजच फुटेना. मास्तर हलक्या आवाजात सूर देत राहिले. लोक माना वर करून बघायला लागले. फादरही वळले.

आई गर्दीतून पुढं आली. स्टुलावरच्या माझ्या पायाला तिनं हात लावला. "गा बाय," ती म्हणाली. "हाय मी हितंच."

मी गायले. कसं ते आठवत नाही.

घरी परतल्यावर आईनं दार लोटून घेतलं. "काय हाय तेच्यात? सांग मला."

मी सांगितलं. ती चुलीपुढं बसली. मग तिनं विचारलं, "पन शहर कसा बोलंल? बाईच आसंल ती." आणि चुलीतलं लाकूड पुढं सारून, "तिला कोन थांबून भेटला का?"

ते मला फादरांनी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः फादरांना जाऊन विचारलं. माझी आई, जी फादरांसमोर मान वर करत नसे! फादर तिला काय म्हणाले ते तिनं मला कधीच सांगितलं नाही. पण ईस्टरच्या जेवणाला आमच्याकडं डुकराच्या मांसाचं इंदाळ आणि तळलेले पिठाचे फुगे असताना ते अचानक दारात आले आणि वडिलांना म्हणाले, ही पोर शिकली पाहिजे, कॉन्व्हेंटच्या मदरला मी चिठ्ठी देतो. वडील नाहीच म्हणत होते. आई म्हणाली, "जाऊ दे तिला." त्या एका वाक्यावर माझं आयुष्य फिरलं.

पास्कू आला नाही. लढाई संपल्यावर तो गेल्याचा सरकारी कागद आला. मी सुट्टीत घरी होते आणि तो आईला मीच वाचून, मराठीत करून सांगितला. शिकण्याचा असाही उपयोग होईल, हे कुणाच्या मनात आलं होतं?

पुढं लग्न झालं आणि नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी इथं आले. इथं ईस्टर भर पावसात येतो. देवळातली मिस्सेची प्रार्थना स्वाहिलीत, गाण्याला ढोल, आणि शब्द न् शब्द सगळ्यांना कळतो. मला ते आवडतं. तरी कधीकधी कान उगाचच एखादा न कळणारा शब्द शोधत राहतात.

पहिली काही वर्षं कुणी "होम कुठं?" विचारलं की मी "बॉम्बे" म्हणून मोकळी व्हायचे. समजावत कोण बसणार? आता मी "डोंगरी" म्हणते. समोरच्याच्या कपाळावर आठी पडते. "ते कुठं आलं?" तो विचारतो. मग मी चहा टाकते आणि त्याला बसायला सांगते.