‘माहेरी’ नावाचं बटण

आमच्या वर्षा वहिनीला एका डब्यातली वस्तू दुसऱ्या डब्यात टाकायला दिली की तिचा चेहरा खुलतो. लग्न होऊन ती सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने सासूच्या मांडणीवरचे सगळे डबे उतरवले, पुसले आणि आपल्या हिशोबाने परत लावले. सासूबाई चार दिवस हळद शोधत होत्या. मी तिचा चुलत दीर. पेशाने महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर, त्यामुळे तोंड गप्प ठेवणं मला जमत नाही. मी म्हणालो, "वहिनी, आता आम्हा माणसांनाही डब्यात भरून वर चिठ्ठ्या लावा."

"लावते ना, लखन भाऊजी," ती म्हणाली. "तुमचा डबा रिकामाच आहे, पटकन होईल."

तेव्हापासून आमचं जमतं.

वहिनी रिंगरोडवरच्या कापड मार्केटात साड्यांच्या एका पेढीवर कॉम्प्युटरवर बसते. शेठच्या भाच्याने हौसेने एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात म्हणे कोड न लिहिताच अ‍ॅप बनतं, नुसते चौकोन ओढायचे आणि सोडायचे. भाचा अर्धवट टाकून परदेशी गेला आणि ते लोढणं वहिनीच्या गळ्यात आलं. दुसरी कोणी असती तर रडली असती. ही रोज जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघत बसली. तिने दोन याद्या केल्या, एक पाठवलेल्या मालाची, दुसरी परत आलेल्या मालाची. दोन्हींचे खाने अगदी सारखे. बटण दाबलं की पहिल्या यादीतली नोंद जशीच्या तशी दुसरीत उतरायची. फक्त दोन्हीकडे खान्यांची नावं तंतोतंत तीच हवीत, नाहीतर तो खाना रिकामा जातो. पहिल्यांदा दुसऱ्या यादीत ‘गाव’ या शब्दापुढे एक जागा जास्त सुटली आणि परत आलेल्या एकाही पार्सलला गावच राहिलं नाही. शेठ म्हणाले, "वर्षाबेन, आ माल क्यांथी आव्यो, आकाशमांथी?" माल आभाळातून आला का, हा शेठचा प्रश्न घरी सांगताना तिला इतकं हसू आलं की तव्यावरची भाकरी करपली.

आता आमच्या भाऊबंदकीचं सांगायला हवं. आम्ही मूळचे खानदेशचे, दोन पिढ्यांपासून सुरतेत लूमवर आणि मार्केटात राबतो, पण श्रावणात कानबाई देवी बसवायची ती सगळ्यांनी मिळून, बळीराम आबांच्या दारात. आबा आमच्या कुळातले वडील. कानबाईला नैवेद्याला गव्हाचे जाड रोट लागतात. त्यासाठी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचा, सगळ्यांचा एकत्र दळायचा, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे. सासरी गेलेल्या लेकीची मूठ आमच्यात निघत नाही, ती तिच्या सासरच्या गव्हात निघते. म्हणजे सव्वा मुठीवरून कळतं की माणूस कोणत्या घरचं.

या मुठी मोजताना दरवर्षी भांडण ठरलेलं. एका वर्षी वारलेल्या काकांची मूठ निघाली आणि जन्मलेल्या नातवाची राहिली. नातवाची आजी आबांच्या दारात येऊन जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग वहिनीने घरच्यासाठीही एक अ‍ॅप केलं. त्यातही दोन याद्या, खाने सारखेच. पहिली ‘घरच्या मुठी’. दुसरी ‘सासरच्या लेकी’, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कोणाकोणाला माहेरी बोलावणं धाडायचं त्यासाठी. लग्न झालं की ‘सासरी’ हे बटण दाबायचं. पोरीची नोंद दुसऱ्या यादीत उतरते, पहिलीतून पुसली जाते आणि तिला निरोप जातो.

सुनेच्या हातात कुळाची नावं, हे काही जणांना रुचलं नाही. हिलाल काका तर म्हणाले, उद्या ही आपल्यालाच पुसून टाकील. म्हणून असं ठरलं की याद्या वहिनीने सांभाळाव्यात, पण बटणं फक्त आबांच्या फोनवर असावीत. आबांनी जन्मभर लूम चालवले, त्यांचा अंगठा फोनच्या पाव पडद्याएवढा. तो कुठे पडेल हे त्या अंगठ्यालाही ठाऊक नसतं.

या सगळ्यात एक नाव अडकलं होतं. सुवर्णा, आबांची धाकटी लेक. गेल्या वर्षी कानबाईच्या तोंडावर ती नवऱ्याचं घर सोडून आली आणि यंदा कागदोपत्रीही मोकळी झाली. दिवसभर साड्यांना लेस लावते आणि आईबापाजवळ राहते. गेल्या वर्षी तिच्या मुठीचा विषय कोणी काढलाच नाही. सासरच्यांनी तिची मूठ अर्थातच काढली नसणार. रोट खायच्या वेळी ती डोकं दुखतं म्हणून आत जाऊन झोपली होती. यंदा तरी तिची मूठ कुठल्या गव्हात पडणार, हे आबा ठरवणार होते, आणि आबा गप्प होते. ते दुष्ट नाहीत. पण देवीच्या कामात नवा पायंडा पाडायला त्यांची छाती होत नव्हती.

वहिनीने मात्र आठ दिवस आधीच अ‍ॅपमध्ये एक नवीन बटण बसवलं. दुसऱ्या यादीतली नोंद परत पहिलीत आणणारं आणि तसा निरोप धाडणारं. नाव ठेवलं ‘माहेरी’.

शनिवारी संध्याकाळी आबांच्या दारात ताडपत्रीखाली सगळे जमले. मधे गव्हाचं सूप. सुवर्णा आत बसून सगळ्यांचा गहू निवडत होती. वहिनीने सरळच विचारलं, "आबा, सुवर्णाताईंचं काय करायचं? त्यांचं नाव अजून सासरच्या यादीत आहे."

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. हिलाल काकांना शांतता सोसत नाही. ते अहिराणीत म्हणाले, "वरसा, तुना मारकेटमा परत येल मालनी यादी ऱ्हास ना? तीमा टाकी दे."

दोघे-तिघे हसले. वहिनी नाही हसली. एरवी हसण्यावारी नेणारी ही बाई, तिचा आवाज एकदम खाली आला. "काका, माल परत आला की मी त्यात खोट कुठे आहे ते लिहिते. ताईंच्या नावापुढे मी काय लिहू, ते तुम्ही सांगा."

काका सुपातल्या गव्हाकडे बघत राहिले. मला त्या क्षणी वहिनीचा अभिमान वाटला.

आबा म्हणाले, "कोठे से तिन्ह नाव? पाहू दे माले." त्यांना फक्त बघायचं होतं. त्यांनी खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि अंगठा फिरवला. फोन टिंग वाजला. मग वहिनीचा वाजला. मग वाजतच राहिला.

"आबा, काय दाबलं तुम्ही?"

"काहीच नई दाबं मी."

वहिनीने पडदा बघितला आणि कपाळावर हात मारला. आबांनी आधी ‘सगळ्या निवडा’ दाबलं होतं, मग ‘माहेरी’. आमच्या कुळातल्या यच्चयावत लेकी, सासरी नांदत असलेल्या, नातवंडं झालेल्या, एका दमात घरच्या यादीत येऊन बसल्या होत्या. आणि प्रत्येकीला निरोप गेला होता: तुमच्या नावाची सव्वा मूठ माहेरी काढली आहे, रोट खायला यावे.

पहिला फोन नवापूरहून आला. भागीरथी आत्या, आबांची थोरली बहीण, पंच्याहत्तरीची. आबांनी घाबरून स्पीकरच लावला.

"बळ्या," आत्या ओरडली, "माले नवरानी सोडी दिधं का काय? तो ते आठे चहा पी राह्यना."

ताडपत्रीखाली जो हशा उसळला, त्याने शेजारच्या गल्लीतले लोक डोकावायला आले. मग बारडोलीच्या चंचलचा फोन, रागाने, की सासू विचारतेय हे काय आहे. कामरेजची अश्विनी मात्र म्हणाली की निरोप चुकून आला असेल तरी मी येते, मला रोट आवडतात. हसता हसता वहिनीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती म्हणाली, "थांबा, थांबा, एका बटणात सगळ्यांना परत सासरी पाठवते."

"नको," आबा म्हणाले. त्यांचा आता बटणांवरचा विश्वास पार उडाला होता. "येक येक नाव वाच. मी सांगस, मंग धाड. देवीनं काम से, पुन्हा घोळ नको."

आबांचा फोन हातात घेऊन वहिनी वाचायला लागली. "भागीरथी आत्या."

"तिनी मूठ नवापूरले से. धाड."

"चंचल."

"बारडोलीले. धाड."

"अश्विनी."

"कामरेजले. रोट नई भेटाव म्हना तिले. धाड."

नावं पुढे सरकत होती. आबा प्रत्येकीचं गाव सांगत, हात वर करून जणू पोरीला एसटीत बसवून देत. त्यांना मजा यायला लागली होती. धुळ्याची हर्षदा गेली. शहाद्याच्या दोघी बहिणी गेल्या.

"सुवर्णा," वहिनीने वाचलं. आवाज तसाच, ना चढवला, ना उतरवला.

"तिनी मूठ..." आबा म्हणाले आणि थांबले.

वर गेलेला हात तसाच राहिला. आतून सुपाचा आवाज येत होता, तोही बंद झाला. आबा गावाचं नाव शोधत होते. लिंबायतच्या त्या गल्लीत इतकी माणसं बसली होती, पण आबांना द्यायला एका गावाचं नाव कोणाजवळ नव्हतं. आबांचा हात हळूहळू मांडीवर आला.

"आबा, हिला पाठवू?" वहिनीने विचारलं.

"फुढे वाच," आबा म्हणाले.

"पण हिचं..."

"फुढे वाच म्हनं ना मी तुले."

वहिनीने पुढचं नाव वाचलं. सुवर्णा घरच्या यादीत राहिली. कोणी हरकत घेतली नाही. हिलाल काकांनी तेवढं सूप आबांच्या जवळ सरकवलं.

मग मुठी निघायला लागल्या. वहिनी फोनवरून नाव वाचे, आबा गव्हात हात घालत आणि पातेल्यात मूठ सोडत. माझं नाव आलं, माझ्या पोरांची आली, हिलाल काकांचं आलं. सुवर्णाचं नाव आलं तेव्हा अनुसया काकू, तिची आई, तिला दंडाला धरून दारात घेऊन आली. सुवर्णाच्या ओढणीला गव्हाचा कोंडा लागला होता आणि तो झटकायचं तिला भान नव्हतं.

आबांनी मूठ भरून सोडली. वर पाव मूठ सोडली. मग त्यांनी पुन्हा गव्हात हात घातला.

"आबा, झाली त्यांची," वहिनी म्हणाली.

आबांनी लेकीकडे बघितलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांनी आणखी सव्वा मूठ पातेल्यात सोडली.

"हाई," ते म्हणाले, "मागला सालनी."