तुफानचा खुराक

आमच्या घरातलं कुत्रं वाळून मरायला टेकलं आहे, असं आम्ही ते घरी आलं त्याच संध्याकाळी एकमतानं ठरवलं. (आमच्या घरात एकमत त्यापूर्वी झालेलं नव्हतं, नंतरही नाही.)

कुत्र्याचं नाव तुफान. माझ्या वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, स्नेही असलेल्या देशमुखांनी तो दिला. राज्य निजामाचं होतं आणि हे औंढ्याकडचे देशमुख स्वतःला त्याच्या खालोखाल मानत. ओढा ओलांडायचा असला तरी घोडा, छत्रीवाला आणि बंदूक पुसणारा असा लवाजमा निघे. जवळा बाजारला आमच्या अंगणात त्यांनी घोड्यावरूनच साखळी माझ्या हाती दिली.

"कारवानी जात हाय. खुराक चांगला ठेवा. सुगी झाली की सशामागं सोडून बघीन. बिघडवलं असंल तर परत नेईन."

खुराक कसला, हे सांगितलं नाही. मोठी माणसं तपशिलात शिरत नाहीत.

तुफानचं तोंड लांब, पाय काठीसारखे, पोट पाठीला भिडलेलं आणि बरगड्या लांबूनही दिसाव्यात अशा. शिकारी कारवानी कुत्रं असंच असतं, असावंच लागतं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारणी डोकावून जात आणि मायला हळूच विचारत, गेल्या सुगीला ज्वारी कमी आली होती का. मायला ते फार लागलं. माझी काळजी वेगळी होती. पहिल्याच दिवशी तुफान माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपला होता. मला तो परत द्यायचा नव्हता.

मी तेव्हा औरंगाबादेहून इंटर होऊन (पहिल्या प्रयत्नात नव्हे) घरी बसलो होतो. पुण्याहून एक मासिक शिळं होऊन आमच्यापर्यंत पोचे. त्यात जीवनसत्त्वांवर लेख आला होता. तो मनुष्यप्राण्यांबद्दल होता, पण शास्त्र हे सगळ्यांना सारखंच, असं मी धरून चाललो. अंगणात पत्रावळी मांडल्या. एकीवर दूध-भाकरी, दुसरीवर पालक, तिसरीवर शेंगदाणे आणि गूळ, चौथीवर दहीभात. तुफान आधी कशाकडे वळतो ते पाहायचं, म्हणजे शरीराला कशाची उणीव आहे ते कळेल. (कुठलाही पदार्थ आधी स्वतः चाखून पाहायचा, हा माझा नियम. प्रयोगात प्रामाणिकपणा हवा.)

तुफाननं चारही पदार्थ संपवले. मग पळसाच्या पत्रावळीही खाल्ल्या. निष्कर्ष निघेना, म्हणून प्रयोग रोज करावा लागला.

आप्पांचा शास्त्रावर विश्वास नव्हता, बैलांवर होता. पोळ्याला आमची जोडी ज्या खुराकावर गावात उठून दिसते, तो कुणालाही मानवेल, असं त्यांचं म्हणणं. सकाळी गोठ्यात ते बैलांच्या वाट्यातले उकडलेले हुलगे गूळ घालून गुपचूप तुफानपुढं ठेवू लागले. शेजारी उस्मानचाचा पिंजारी राहत. कापूस पिंजता पिंजता ते हे सगळं बघत होते. एकदा मला कुडाजवळ बोलावून म्हणाले, "मियाँ, ये शिकारी जानवर है. इसकू शोरबा होना." मायच्या चुलीला शोरबा चालत नसे, म्हणून दुपारी चाचा कुडावरून वाडगा पुढं करत. (नियमाप्रमाणे मी चाखत असे. मायला हा नियम माहीत नव्हता.)

पण खरा मारा मायचा. माझी बहीण गजरा बाळंतपणाला आली होती. अंगात ताकद आणायची तर बाळंतिणीच्या खुराकासारखं जगात काही नाही, अशी मायची खात्री. डिंकाचा लाडू झाला, अळिवाची खीर झाली, जेवणानंतर पचायला बाळंतशोपासुद्धा! एके दिवशी गजरानं लाडवाचा डबा उघडला आणि तिला बूड दिसलं.

"माय, बाळंतीण मी हाय का ते कुत्रं?"

"काहून, तुला कमी पडून राहिलं का? त्याच्याकडं बघ जरा. कसं वाळून गेलं लेकरू."

"बघूनच राहिले. दारात मावत न्हाई ते."

गजराचं कुणी मनावर घेतलं नाही. बाळंतिणी चिडचिड करतातच. शिवाय बाकीचे काही खायला घालत नाहीत, सगळा भार आपल्यावरच आहे, असं प्रत्येकाला वाटत होतं.

सुगी सरली आणि देशमुख लवाजम्यासकट आले. आप्पा आणि मी तुफानला घेऊन त्यांच्यामागं निघालो. माळावर माणसांनी झुडपं बडवली आणि एक ससा उठला. देशमुखांनी हात वर केला. मी देवाचं नाव घेऊन साखळी सोडली.

तुफान उठला. थोडा चालला. त्याला बाभळीची सावली दिसली, तिच्यात जाऊन तो बसला. ससा थांबून मागं बघू लागला. आपल्यामागं कुणीच नाही, हे त्याला पटत नसावं. तुफानला उठवायला मी धावलो. बाभळीपर्यंत पोचलो, तिथं धाप लागली, आणि मीही त्याच्या शेजारी बसलो. आम्ही दोघं जीभ काढून सशाकडे बघत राहिलो.

छत्रीवाल्यानं तोंड फिरवलं, पण छत्री हलत होती. देशमुख घोडा जवळ घेऊन आले.

"बिघडवलं," ते म्हणाले.

"व्हय काका. पर परत नेऊ नका."

"परत? हे माझ्या घोड्यामागं वेशीतून आत आलं तर लोक म्हणतील, देशमुखानं म्हशीचं रेडकू पाळलं. ठेवा तुमच्याकडंच."

मी तुफानच्या गळ्यात पडलो. (हात पुरले नाहीत.) देशमुख मात्र जाता जाता थांबले आणि माझ्याकडे निरखून बघत आप्पांना म्हणाले, "कुत्र्याचं कळलं. पर या पोराला काय खाऊ घालून राहिले तुमी?"

"घरचंच," आप्पा गोंधळून म्हणाले. "काहून?"

"न्हाई, दोघांची जात एकच दिसून राहिली."

त्या दिवसापासून तुफानला दोन वेळा कोरडी भाकरी आणि ताक एवढंच मिळू लागलं. पुढच्या सुगीपर्यंत त्याच्या बरगड्या जागच्या जागी परत दिसू लागल्या आणि तो सशामागं वाऱ्यासारखा धावला. माझ्या बरगड्या मात्र त्यानंतर आजतागायत कुणाच्या पाहण्यात नाहीत.