पहिल्या बॅचचं नवं

आमच्या घरात पिकलेलं काहीही आधी देवापुढे जातं, मग ताटात. त्याला आम्ही नवं म्हणतो. परसातली पहिली काकडीही यातून सुटत नाही. त्यामुळे मुरबाडच्या छोट्याशा कंपनीत मी पहिल्यांदा स्वतः बॅच काढली, तेव्हा बाबांनी फर्मानच सोडलं, "एक बाटली घरी आण. नवं हाय ते."

आम्ही माणसाचं एक प्रथिन बनवतो. जखम भरताना आपलं शरीर जे वापरतं, ते. पण ते माणसातून काढत नाही. त्याचा जनुक जिवाणूंत घालायचा, जिवाणू वाढवायचे, त्यांनी बनवलेलं प्रथिन शुद्ध करून सुकवायचं आणि इवल्याशा बाटल्यांत भरायचं. प्रयोगशाळा ते संशोधनासाठी घेतात. याआधी माझ्या तीन बॅच वाया गेल्या होत्या. चौथी जमली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले.

माल बाहेर नेता येत नाही. पण बाबांनी किन्हवलीच्या बाजारात सगळ्यांना सांगून ठेवलेलं, रविवारी भावकीही बोलावलेली. त्यांना तोंडघशी कसं पाडायचं? मग मी डोकं चालवलं. सुकवलेलं प्रथिन इतकं कमी असतं, की भरलेली बाटलीही रिकामीच दिसते. साहेबांना विचारून एक कोरी बाटली मागून घेतली. देवाला काय कळतंय!

रविवारी ओसरी भरली. बाबांनी बाटली उजेडात धरली.

"यात काय दिसत नाय गो."

"असंच दिसतं ते," मी म्हणाले. खोटं नव्हतं. पण त्यांचा फुललेला चेहरा बघून मला स्वतःचीच लाज वाटली. बॅच वाया गेल्या, तेव्हाही मी कधी लपवलं नव्हतं.

"बाबा, ही रिकामीच आहे. खरी आणता येत नाय."

चुलते मिशीत हसले. माझे कान तापले. बाबा मात्र बाटलीकडेच बघत होते.

"भरलेली पण अशीच दिसते?"

"हो."

"मंग घेनाऱ्याला कसं कळतं?"

"आमी तपासतो. जिवंत पेशींना देऊन बघतो, वाढतात का ते. मग तसं कागदावर लिहून देतो."

"कोन देतं?"

"ही बॅच माझी. खाली सही माझी."

"तुज्या सहीवर लोकं अशी बाटली घेतात?"

"घेतात."

बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, मागची कोरी बाजू माझ्यापुढे धरली. "मंग ती सही कर."

केली. बाबा आजवर सगळीकडे अंगठाच लावत आलेत. त्यांनी कागद दोन्ही हातांनी उचलला, देव्हाऱ्यापाशी गेले, नव्या तांदळाशेजारी जागा केली. मग भावकीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात मला विचारलं, "वरची बाजू कुठली गो?"